दोन वाटे आभाळ

कशेळ्यातला एक फोटोवाला जमिनीच्या एजंटांसाठी विकाऊ माळांचे फोटो काढतो. कॅमेरा लावताना नेहमी म्हणतो, "दोन वाटे आभाळ घ्यायचं रं. जमीन मोठी दिसते."

परवा तो एका एजंटाबरोबर माळावर निघाला, तेव्हा मीही सोबत गेलो होतो. माळावर शेजारच्या वाडीतल्या लोकांची थडगी होती. "ही दिसायला नकोत," एजंट म्हणाला. फोटोवाल्याने गुडघे टेकून कॅमेरा खाली आणला. थडग्यांचे दगड गवताआड गेले. वर नुसतं आभाळ. फोटो सुंदर आला.

एजंट गेल्यावर तो चपला काढून थडग्यांपाशी गेला आणि एकेका दगडाचा जवळून फोटो घेतला.

"हे कुणाला?"

"वाडीवाल्यांना. जेसीबी फिरल्यावर दाखवायला काय तरी पायजे ना?"

"मग दादा, एजंटाला तो फोटो देऊच नका."

"तो मगाशीच पाठवला," खाली बघत तो म्हणाला.