फायर स्टेशनात निवांत म्हणू नये

कल्याणच्या पलीकडे एका लष्करी डेपोच्या फायर स्टेशनात मी नोकरीला आहे. लोकांचा समज असा, की मिलिटरीच्या फायर ब्रिगेडला काम ते काय? शिस्तीची जागा, आग लागेलच कशाला! गाडी पुसायची आणि पगार घ्यायचा. या समजाचा मला अजूनही राग येतो. दारूगोळ्याच्या कोठारापासून कितीही लांब कुणी पालापाचोळा पेटवला, तरी आमची घंटा वाजते. मेसमध्ये काही करपलं, घंटा. क्वार्टरमध्ये साप निघाला, कुणाचं पोर न्हाणीघरात अडकलं, घंटा. इंधनाचा टँकर रिकामा होईपर्यंत पाइप धरून उभं राहायचं ते वेगळंच.

या घंटेपायी माझी दोन स्थळं हातची गेली. पहिल्या ठिकाणी मी पोचलोच नाही. दुसऱ्या ठिकाणी पोचलो, पण तीन तास उशिरा आणि अंगाला धुराचा वास घेऊन. आईने तर हाय खाल्ली. तिसरं स्थळ ठाण्याचं, टेंभी नाक्याजवळचं. मुलगी शिक्षिका. फोटो बघूनच मी खल्लास झालेलो, त्यामुळे हे जमावं असं फार वाटत होतं. निरोप तिनेच पाठवला, "त्यांना येता येत नसेल तर आपण जाऊ. नोकरी कशी आहे तेही कळेल."

एका रविवारी दुपारी ती आणि तिचे वडील आले. गेटवर पास काढून आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसले. आता आमच्याकडे एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण साहेबसुद्धा पाळतात. ड्यूटीवर 'आज निवांत आहे' असं म्हणायचं नाही. म्हटलं की कॉल येतोच, आणि म्हणणाऱ्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. हे पाहुण्यांना सांगायला मी शहाणा विसरलो.

चहा आला. तिच्या वडिलांनी चकचकीत गाडी बघितली, रांगेत ठेवलेले गमबूट बघितले आणि समाधानाने म्हणाले, "वा! छान निवांत आहे की हो इथे!"

आमच्या ड्रायव्हरने कपाळावर हात मारला. त्याचा हात खाली यायच्या आत घंटा वाजली.

कुंपणापलीकडचं गवत पेटलं होतं. ते विझवून आलो, चहा गार. दुसरा कप ओठाला लावला तर क्वार्टरच्या जिन्यात धामण. तिसऱ्यांदा मेसमधून धूर, आणि आत जाऊन बघतो तर तव्यावर कोळसा झालेला डोसा. त्या डोशाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिता येणार नाहीत.

परत आलो तेव्हा बाक रिकामा होता. गेलं, हेही गेलं.

तेवढ्यात वॉचरूममधून हसण्याचा आवाज आला. फोनवर बसणारे आमचे म्हातारे काका आणि ती, दोघं गप्पा मारत होते. काकांनी तिला नियम सांगितला होता आणि तिने वडिलांना थेट गेटबाहेर वडापाव आणायला पिटाळलं होतं! टेबलावर माझा कप बशीने झाकून ठेवलेला.

"चौथ्यांदा गरम केलाय," ती म्हणाली. "आता तरी प्या."

वडील घाम पुसत पुडा घेऊन आले. सगळ्यांच्या हातात वडापाव पडला. ते खुर्चीत टेकले, एक सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "चला, आता जरा निवां..."

"बाबा, गप्प बसा!" ती ओरडली. "परत आपली घंटा वाजेल."

आपली. काकांनी माझ्याकडे बघितलं. मी चहा एका घोटात संपवला, जीभ पोळली, आणि आईला फोन लावायला मोबाइल काढला.

घंटा वाजलीच. इतक्या आनंदाने मी कुठल्याच कॉलला धावलेलो नाही. खुंटीवरचं हेल्मेट काढायला हात वर केला, तर ते तिच्या हातात होतं.