लहूनं बुजवलेला बादगीर

बहरीनला मुहर्रकमधलं मोत्यांच्या व्यापाऱ्याचं जुनं घर लोकांना पाहायला खुलं झालं, तसा भागीरथानं हट्टच धरला. पूर्वी इथली माणसं राहायची कशी, ते बघायचंच. पुढच्या महिन्यात नवरा लहू रिटायर, मग कायमचं परभणीला. लहू मात्र टाळत होता. एसी मेकॅनिक गडी. हिद्दपासून जनाबियापर्यंत तीस वर्षं लोकांना गार करत आला, पण या दारात त्यालाच घाम फुटला.

त्याचं झालं असं. पंचवीस वर्षांपूर्वी इथला एसी त्यानंच बसवलेला. छतावर बादगीर होता, म्हणजे चौकोनी मनोरा; वरचा वारा धरून खालच्या खोलीत सोडायचा. एसीची थंडी त्यातून पळणार, म्हणून लहूनं तो स्लॅब टाकून बुजवायला घेतला. घरची म्हातारी उमैमा मोडक्या हिंदीत विनवत राहिली, वीतभर तरी भोक ठेव. पण लहू हाताचा पक्का आणि डोक्यानं त्याहून पक्का. भोक ठेवलं तर गॅरंटी मफी, मिळणारच नाही, म्हणाला. खलास!

आता घर दाखवत होती उमैमाची नात, हुदा. पाणी कशात गार करत, बायका कुठं बसत, सांगत सांगत ती बादगीराखाली आली. कुणीतरी हा बंद केला, म्हणाली. आजी मग या खोलीत झोपलीच नाही, मरेपर्यंत तिचं अंथरूण अंगणात.

"कसला अडाणी माणूस असेल हो," भागीरथा कुजबुजली.

गप्प राहिला असता तर कुणाला कळणार होतं? पण ते ओझं परभणीपर्यंत न्यायचं लहूच्या जिवावर आलं.

"वो आदमी मैं है," तो हुदाला म्हणाला.

भागीरथानं तोंडाला पदर लावला. उद्याच येऊन फोडून देतो, असंही लहू बोलून गेला. हुदानं नाही म्हणून मान हलवली. डागडुजीनंतर वरची भिंत आता त्याच स्लॅबवर उभी होती. काढला तर मनोराच खाली येणार.

मग तिनं फोन काढून रेकॉर्डिंग लावलं. त्या वाऱ्यात बसलेलं घरचं कुणी उरलं नव्हतं, आणि तिचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

"चाचा, आप तो नीचे बैठे थे ना? कैसी थी वो हवा?"

बसला होता की. स्लॅब पडायच्या आधी इथंच जेवला होता. डब्यात मेथी होती, ठेचा होता, भाकरी जरा करपली होती, सगळं आठवलं. वारा काही आठवेना. त्या दुपारी बुसैतीनला दुसरा एसी लावायचा होता, त्या घाईत होता तो.

हुदा फोन धरून वाट बघत राहिली.