बाबांसाठी निवडलेला शिधा

पाठीवर सॅक घेऊन चालायला निघणाऱ्या माणसाचा प्रवास घराच्या दारातून नाही, किराणा दुकानातून सुरू होतो. माझा तो दर हिवाळ्यात नागपूरच्या इतवारी बाजारातून सुरू होतो. हातगाड्या चुकवत, टेम्पोच्या आडून अंग चोरत मी एका जुन्या दुकानाच्या फळीशी जाऊन उभी राहते आणि माझ्या अटी ऐकून दुकानदार काका दरवर्षी हसतात. शिधा हलका हवा, कारण तो मीच वाहणार. एका भांड्यात शिजणारा हवा, कारण भांडं एकच. विटू नये, पिशवीत भुगा होऊ नये, आणि दमल्या जिवाला खावासा वाटावा. ही शेवटची अट मी आजवर कधी फारशी मनावर घेतली नव्हती. चालून चालून भूक अशी लागते की कच्चे पोहेसुद्धा गोड लागतात.

या वेळी मात्र तीच अट पहिली होती, कारण सोबत बाबा येणार होते.

बाबा मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले. माग बंद पडले तेव्हा आईला आणि मला घेऊन नागपूरला आले आणि गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात ठाण उलगडण्यात त्यांची पुढची वर्षं गेली. जेवणाला नावं ठेवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या घराण्यात कोणी झाला नाही. वरण पातळ, भाजी गुळचट, पोळी जाड. आई सगळं ऐकून घ्यायची आणि रोज एकच उत्तर द्यायची, "उद्या तुम्हीच करजा." (करजा म्हणजे कराल हं.) त्यावर बाबा ताट चाटूनपुसून साफ करायचे. चुलीवर अन्न म्हणून त्यांनी जन्मात काही शिजवलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात आई गेली आणि बाबांनी नावं ठेवणं बंद केलं. काहीही वाढा, दोन घास खायचे, "चांगलं आहे" म्हणायचं आणि ताट सरकवायचं. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही. पण मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरू लागलं होतं. त्या "चांगलं आहे"ची मला भीती वाटायला लागली होती. एका सकाळी मी सॅक झटकत होते, तेव्हा ते दाराशी येऊन उभे राहिले.

"कुठी चालली वं मंदे?"

"उमरेडहून भिवापूरला. शेतातल्या वाटांनी, चालत."

"मी येऊ का?"

इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हटलं आणि मनाशी ठरवलं, या वाटेवर त्यांना पोटभर जेवताना पाहायचंच. ते नाही जमलं तर निदान एक खोट काढलेली तरी ऐकायची.

दुकानदार काकांना हे सांगितलं तर त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं. "बाबाले घेऊन चालली? मंग तो गूळ राहू दे, हा ने. दिसाले काळा आहे, पण बॅगेत पाझरत नाही." गूळ घेतला, भाजलेले शेंगदाणे घेतले, जवसाची चटणी, मुंगवड्या (मुगाची डाळ वाटून वाळवलेल्या वड्या), थोडा तांदूळ, आणि आंबिलीसाठी भाजलेलं ज्वारीचं पीठ. पहिल्या दुपारसाठी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या केल्या. तिखट तेवढं चिमूटभर बांधून घेतलं. म्हाताऱ्या पोटाला जपायला हवं, असं माझं मीच ठरवून टाकलं होतं.

उमरेडला बसमधून उतरल्यावर बाबा स्टँडबाहेर थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. त्यांच्या गल्लीत आता मागाची खटखट ऐकू येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी कान देऊन पाहिलं. मग "चाल" म्हणाले.

गाव मागे पडलं तशी वाट शेतांमधून निघाली. एका अंगाला कापूस वेचून झालेली पऱ्हाटी, दुसऱ्या अंगाला घाटे धरलेला हरभरा. बाबा माझ्यापेक्षा चांगले चालत होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. दुपारी मोहाच्या झाडाखाली सॅक उघडली तर तेलाच्या बाटलीचं झाकण सैल होऊन बाबांची कानटोपी तेलात न्हाली होती. त्यांनी ती पिळली, फांदीला वाळत घातली आणि काही बोलले नाहीत. आईच्या वेळी एवढ्यावर संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं बोलणं झालं असतं. दशमीचा त्यांनी एक तुकडा मोडला, चटणीला टेकवून खाल्ला. "चांगली आहे," म्हणाले, आणि उरलेली फडक्यात बांधून माझ्याकडे दिली.

उन्हं कलताना आम्ही एका छोट्या गावात पोचलो. गावाबाहेर तंबू लावायचा माझा बेत होता. पण पहिल्याच घराच्या अंगणात तूर पाखडणारी बाई सूप टाकून उठली. ती सुमनबाई.

"वाघ फिरून राहिला या भागात. तंबू-बिंबू काही नको. आमच्या ओसरीत झोपा."

तिनं जेवायलाही बोलावलं. "शिधा आहे सोबत," बाबा म्हणाले. मी माझ्या चिमुकल्या स्टोव्हवर मुंगवड्यांचा भात केला. वास तरी छान सुटला होता. बाबांनी दोन घास खाल्ले आणि मी कानावर हात ठेवायच्या आत "चांगलं आहे" म्हणून टाकलं. मला रडू आलं. इतका विचार करून निवडलेला एक एक जिन्नस पाठीवर तसाच परत न्यावा लागणार, असं वाटायला लागलं.

सकाळी आंबील करायला घेतली. ही ज्वारीच्या पिठाची पातळ पेज. पीठ पाण्यात कालवून स्टोव्हवर ठेवलं आणि पळी बाबांच्या हातात दिली. "हापशीवरून पाणी भरून येते. तोवर ढवळत राहा. गुठळी होऊ देऊ नका."

"त्याची तू काळजी नको करू," बाबा म्हणाले. ते इतक्या खात्रीनं म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

हापशीवर गर्दी होती. गावातल्या बायांना माझी सॅक, माझे बूट, माझं बिनलग्नाचं असणं, सगळ्याची चौकशी करायची होती. मी परतले तेव्हा बाबा उकिडवे बसून अंगठा आणि तर्जनीत भांड्यातलं थोडंसं घेऊन बोटं उघडमीट करत होते. बोटांमधून निघणारी तार उन्हाकडे धरून त्यांनी निरखली. "झाली," समाधानानं म्हणाले आणि स्टोव्ह बंद केला.

मी भांड्यात डोकावले. एकही गुठळी नव्हती, आणि पळी मधोमध ताठ उभी होती.

"बाबा, हे काय केलं?"

त्यांनी भांड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "खळ," ते बारीक आवाजात म्हणाले.

खळ म्हणजे मागावर चढवण्याआधी सुताला चोपडायची पिठाची लापशी. उमरेडच्या घरी ती शिजवायचं काम बाबांचं होतं. ती तार धरेपर्यंत ढवळायची, नाहीतर विणताना सूत तुटतं. अग्नीवर त्यांनी जन्मभर एवढी एकच गोष्ट शिजवली होती. पीठ, पाणी आणि पळी दिसल्यावर हातांना दुसरं काही सुचलंच नाही.

सुमनबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "काकाजी, आता कोणतं लुगडं विणून राहिले?"

बाबांनी बोटभर खळ तोंडात घातली.

"हॅट्! ना मीठ, ना तिखट. हे पीठ कोणं आणलं?"

"मी."

"कशाले आणलं? अन् मिरची कुठी आहे?"

"चिमूटभर आहे, बाबा."

"चिमूटभर! मी माणूस आहो का चिमणी? काल त्या भातात बी काही दम नव्हता. अन् दशम्या तं निस्त्या चामड्यासारख्या!"

माझ्या स्वयंपाकाची इतकी निंदा आजवर कोणी केली नसेल, आणि इतका आनंदही मला कधी झाला नसेल. मी खाली बसले आणि हसता हसता डोळे पुसत राहिले. सुमनबाईनं तांब्याभर ताक आणून भांड्यात ओतलं, मीठ घातलं, चुलीच्या निखाऱ्यावर लाल मिरच्या भाजून हातानंच चुरल्या. बाबा वाटी तोंडाला लावून प्यायले. नाकाडोळ्यांतून पाणी गळत होतं. वाटी पुढं करून म्हणाले, "अजून आहे का?"

दुसरी वाटी संपली तरी डोळे वाहतच होते. आता ते मिरचीमुळं नव्हतं.

"तुझी आई रोज म्हणे, उद्या तुम्हीच करजा," ते वाटीत पाहत म्हणाले. "आज केलं, तं ती पाहाले नाही."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुमनबाई उठून उगाच गोठ्याकडे गेली.

भिवापूरला पोचलो तेव्हा बाबा पुढे आणि मी मागे होते. गावाजवळ मिरचीच्या सातऱ्यात (मिरची वाळवायच्या मोकळ्या आवारात) सगळी जमीन लाल झालेली, आणि डोक्याला फडकी गुंडाळून बाया देठ खुडत बसलेल्या. मी शिंकत शिंकत कुंपणाशीच थांबले. बाबा थेट आत शिरले. एक मिरची उचलून मोडली, वास घेतला, टाकली. दुसरी मोडली. "ही नको. त्या ढिगातली दाखवा." देठ खुडणारी एक बाई मला म्हणाली, "तुमचे बाबा भल्ले चिकित्सक आहेत वं!" मी अभिमानानं हो म्हटलं. मिरचीची पिशवी त्यांनी मला उचलू दिली नाही, स्वतःच्या पाठीवर घेतली.

शिधा निवडताना मी वजन पाहते, टिकाऊपणा पाहते, शिजायला पाणी किती लागेल ते पाहते. बाबांसाठी निवडताना त्यांना काय झेपेल याचाच विचार केला. त्यांना काय हवंय हे एकदाही विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये ते शेंगदाणे खात होते, खवट निघालेला एकेक खिडकीबाहेर फेकत होते आणि इतवारीच्या दुकानदाराला नावं ठेवत होते. मी ऐकत बसले.

नागपूरला आल्यावर मी आंबील केली, भिवापुरी मिरची घालून. बाबांनी घोट घेतला.

"पातळ झाली."

"उद्या तुम्हीच करजा," माझ्या तोंडून निघून गेलं.

मी जीभ चावली. बाबांनी वाटी संपवली, विसळली आणि आपल्या खोलीत गेले.

सकाळी स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज झाला म्हणून उठून पाहिलं. बाबा गॅससमोर उभे होते, हातात पळी. आईच्या फोटोचं तोंड त्यांनी ओट्याकडे वळवून ठेवलं होतं.

"पोटासाठी करून राहिलो, सुतासाठी नाही," मागे न पाहता ते म्हणाले. "कधी थांबू, तेवढं सांगजो."