मलसुनने साफ केलेली राई

बू मलसुनला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. सासू म्हणायची, "हिच्या बुडाला मुंग्या आहेत." सकाळी मुळ्याच्या शेतात, दुपारी संत्र्यांच्या बागेत, जेवायला बसली तरी एक पाय उंबऱ्याबाहेर. त्यात राजधानी सोलच्या कंपनीनं आमच्या गावामागची ओकची राई तोडून तिथे घरं बांधायचं काढलं, मग तर विचारूच नका!

हा ओक आमचं जेजू बेट सोडलं तर कोरियात कुठे उगवत नाही. पण अर्धं गाव जमीन विकायला तयार. गावप्रमुख गिबोंग म्हणाला, "मावशी, झाडं काय खायचीत?"

"तुझा बाप उपासमारीत याच झाडांची बोंडं दळून, थिजवून खाऊन जगला, मेल्या!"

दारोदार भांडून, कचेरीचे उंबरे झिजवून तिनं एवढं मिळवलं, की झाडांची तपासनीस बाई येऊन बघेल आणि राई राखायची की नाही ते ठरवेल.

बाई यायची होती ती नेमकी थडगी साफ करायच्या दिवसांत. आमच्याकडे शरदाच्या पुनवेआधी पूर्वजांच्या थडग्यावरचं गवत कापलं नाही, तर लोक म्हणतात, या घराला कुणी वालीच नाही. मलसुनच्या जिवाची घालमेल. पाहुणीनं राईत काटेकुटे पाहिले तर काय म्हणेल? तिनं विळा परजला आणि दिवसभर राबून राईतली जमीन अशी साफ केली, की सांडलेला भात वेचून खावा.

तपासनीस यांगबाई आली. इकडेतिकडे बघत राहिली.

"मावशी, खालची रोपं कुठायत?"

"कसली रोपं? काडी ठेवली नाही बघ!"

यांगबाई खडकावर बसली. "मी तीच बघायला आले होते. ओकची पोरंच नसतील, तर ही राई संपत आली असं लिहावं लागतं. मग घरं कोण थांबवणार?"

मलसुननं खाली पाहिलं, रोपांचे नुसते कापलेले खुंट. आपल्याच हातानं आपल्याच पायावर धोंडा! "मीच मारली गं पोरं," ती म्हणाली.

यांगबाईनं वाकून खुंट चाचपले. "मुळं शाबूत आहेत. वसंतात परत येते, तोवर अहवाल देत नाही. पण आत कुणी हात लावायचा नाही."

तो हिवाळा मलसुनला खायला उठला. रोज राईच्या दगडी कुंपणापर्यंत जायची आणि माघारी फिरायची. स्वतःच्या हातांचा भरवसा राहिला नव्हता तिला. विळासुद्धा तिनं शेजारणीकडे ठेवला. काटे माजले, वेली चढल्या. गिबोंग चिडवायचा, "मावशी, तुझ्या राईत रानडुक्कर लपलंय म्हणे!"

"लपू दे. तुला सोयरीक जमवायचीय का?" ती फटकारायची आणि पुन्हा कुंपणाकडे निघायची.

वसंतात यांगबाई आत शिरली. मलसुन कुंपणाबाहेर नुसती येरझाऱ्या घालत होती. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आली. हात ओरबाडलेले, चेहरा हसरा.

"खुंट फुटलेत, मावशी! राई राखली जाईल असंच लिहिते."

कुंपणापाशी जमलेले लोक आनंदानं ओरडले. गिबोंगनंसुद्धा, काय मनात आलं कोण जाणे, टाळ्या पिटल्या.

मलसुननं बाईचा हात धरला. "सगळी पोरं फुटली?"

यांगबाईनं तिचा हात दाबला. मग म्हणाली, "सगळी नाही."

मलसुन तिथेच खाली बसली आणि पोटचं पोर गेल्यासारखी रडली. उठवायला गेलं कुणी, तर ती उठेना.