जज्जआबांचा राखून ठेवलेला निकाल

लोकांच्या घरात भांडी साठतात, आमच्या सासरी किस्से साठतात. तेही जोडीने! एकच गोष्ट नाना एक सांगतात, भाऊकाका दुसरीच. नाना माझे सासरे, भाऊकाका त्यांचे चुलतभाऊ. आगाशीला एकाच घराचे दोन भाग, मध्ये भिंत, पुढे सामाईक ओटा. दोन्ही भागांत जज्जआबांचा एकेक फोटो. आबा या दोघांचे आजोबा. इंग्रजांच्या काळात आधी वसईच्या कोर्टात वकील, मग जज्ज. मी साताऱ्याची. लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण आबांबद्दल खरं काय ते मला अजून कळलेलं नाही.

आता घर रीडेव्हलपमेंटला चाललंय. ओटा जाणार. आणि ओट्यावरच तर आमचा गणपती बसतो! तो नव्या बिल्डिंगमध्ये कोणाकडे बसणार, यावरून दोघांचं बोलणं बंद झालं.

*

आबा नवे वकील होते तेव्हाची गोष्ट. कोणाची तरी सुकेळी चोरीला गेली. सुकेळी म्हणजे आगाशीची वाळवलेली केळी. त्यांच्यासाठी लोक कोर्टात जायचेच! आबा चोराच्या बाजूने. त्यांनी फिर्यादीला विचारलं, "ही तुमचीच कशावरून?"

त्याने एक उचलून तोंडात टाकलं. "माझ्याच घरची!" मग दुसरं. मग खात्रीसाठी तिसरं.

नाना म्हणतात, आबा जिंकले. भाऊकाका म्हणतात, हरले. पुरावा खाल्ला गेला, एवढ्यावर मात्र दोन्ही घरांचं एकमत आहे!

*

जज्ज झाल्यावर आबा घरीही जज्जच. एकदा जेवताना म्हणाले, "आमटी खारट आहे."

आजींनी पदर खोचला. "साक्षीदार?"

आबांनी पोरांकडे पाहिलं, पोरांनी आजींकडे. सगळी एका सुरात म्हणाली, "आम्ही अजून चाखलीच नाही!"

पुराव्याअभावी आमटी निर्दोष सुटली. आबांनी मुकाट्याने दोन वाट्या संपवल्या. भाऊकाकांच्या मते ती आमटी नव्हतीच, कढी होती.

*

हे रक्तातच आहे. नवी नवरी असताना मी नानांना विचारलं, "चहा टाकू?"

"हरकत नाही."

मी केला, तर कपाला हात लावेनात. "अगं, हरकत नाही म्हणालो. हवा आहे असं कुठे म्हणालो?"

भाऊकाकांना विचारलं, तर म्हणाले, "विचार करून सांगतो." संध्याकाळी दारात हजर. "सकाळच्या चहाचं काय झालं?"

*

आता गणपतीची केस. आबा थकले, तेव्हा त्यांच्या दोन्ही मुलांनी विचारलं, "तुमच्यामागे गणपती कोणाकडे?" आबांनी रीतसर दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाले, "निकाल उद्या." दुसऱ्या दिवशी सकाळी आबा उठलेच नाहीत.

तेव्हापासून गणपती ओट्यावर. मोदक दोन्ही स्वयंपाकघरांत, पंगत मात्र एकच. दोन्ही घरं वर्षातून एकदा एकत्र जेवतात, ती तेव्हाच. आता गणपती कोणा एकाच्या हॉलमध्ये गेला, की दुसरं घर पायरी चढणार नाही, हे मला दिसत होतं. खरं सांगते, रडू यायचं.

गेल्या रविवारी बिल्डर नकाशा घेऊन आला. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट. "गणपती कुठे, तेवढं फायनल करा!" दोघांनीही तोंडं फिरवली. शेवटी नानांच्या थोरल्या बहिणीला, नव्वदीच्या ताईआत्यांना, विरारहून रिक्षाने आणलं.

आत्या म्हणाल्या, "निकाल मला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी मी आबांचे पाय चेपत होते. त्यांनी मला सांगितला."

नाना उठून उभे राहिले. भाऊकाकांनी चष्मा काढला. "काय सांगितलं?"

"कोणाला सांगू नकोस म्हणाले."

"अगं, पण निकाल काय?"

"तोच तर सांगायचा नाही ना!"

 भाऊकाकांनी कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच नानांकडे पाहिलं. "म्हणजे केस अजून चालू आहे."

"चालूच," नाना म्हणाले.

भाऊकाका बिल्डरकडे वळले. "आमच्या दोन दारांच्या मध्ये ओटा बांधा. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे!"