दगड कुणी आणले

पुस्तकांपेक्षा पुस्तकांची परीक्षणंच मी जास्त वाचली आहेत. एमआयडीसीतल्या डेअरीची पाळी सुटली की माझी मोटारसायकल थेट बारामतीतल्या वाचनालयासमोर उभी. इतिहासाचं मासिक आलेलं असलं तर आधी मागची पानं उघडायची. न वाचलेल्या पुस्तकावर तावातावानं बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

गेल्या महिन्यात मात्र डोकंच फिरलं. आमच्या भागातल्या गावांवरच्या एका पुस्तकाचं परीक्षण होतं, आणि त्यात चक्क आमच्या वस्तीतला बुद्धविहार! त्याच्या जोत्याचा दगड म्हणे गावातल्या बागायतदारांनी उदार मनानं दिला. वर परीक्षण लिहिणारे खूश, का तर लेखकानं माहिती वस्तीत जाऊन मिळवली.

उदार मनानं? तो दगड माझ्या आईनं डोक्यावरून वाहिलाय. पिंपळीकडं उसात खुरपून परतताना वस्तीतली प्रत्येक बाई कालव्याच्या कडेला पडलेला एक दगड उचलायची. रिकाम्या डोक्यानं घरी यायचं नाही, असं त्यांनी आपसात ठरवलं होतं. आईच्या टाळूवरचे केस तेव्हा गेले ते पुन्हा उगवले नाहीत. आणि पुस्तकात नाव कुणाचं, तर ज्यांनी एक खडाही दिला नाही त्यांचं!

घरी आलो आणि संपादकांना चार पानी पत्र खरडलं. 'घरबसल्या इतिहास लिहिणारे' वगैरे भरपूर तोंडसुख घेतलं. मग ते आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती सुपात लसूण घेऊन सोलत होती. सगळं ऐकून म्हणाली, "आरं, त्यो पुस्तक लिवनारा चष्मेवाला हितंच आला हुता की. ह्याच खुर्चीत बसला हुता. त्येला तूच सांगितलंस."

तेव्हा कुठं आठवलं. गावाची एक जुनी स्मरणिका काढून मी त्यातलं बागायतदारांनी दगड दिल्याचं पान त्याच्यापुढं ठेवलं होतं. खरं काय ते मला ठाऊक होतं. पण शिकलेल्या पाहुण्यासमोर छापील पुरावा दाखवायची हौस. आपण वाचणारे आहोत, हे त्याला कळायला हवं होतं ना!

"मी आतनं म्हनत हुते, दगुड आमी आनला," आई म्हणाली. "तू म्हनलास, आई, आधी चहा आन."

स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली. चार पानं फाडली. कोऱ्या कागदावर पहिलं वाक्य लिहिलं : चुकीची माहिती मी दिली. मग तिला विचारलं, "तुझ्याबरोबर कोण कोण होत्या गं?" त्या सगळ्यांना मी आयुष्यभर कुणाची तरी आई, कुणाची तरी सून म्हणूनच ओळखत आलो होतो.

तिनं लसणाचं सूप बाजूला सारलं.

"समद्यांची नावं सांगते. पर आधी चहा ठिव. मी खुर्चीत बसते."