झिंगूची पात

कलाबाई लेकीला एका वेळी एकच काम सांगायची. ते झालं की दुसरं. घरात शिरताना चौकटीवर दोनदा बोटं वाजवायची, म्हणजे झिंगू दचकत नसे. मुलं किती, असं कुणी विचारलं की म्हणायची, "दोन. झिंगू, आन् तिचा बाप." झिंगूसमोर कुणी झिंगूविषयी बोललं, तर हातातलं काम थांबवायची. "इथीच तं बसली हाय. तिलेच इचारा."

शेजारच्या सुगंधाबाईला हे सगळं पाठ होतं. कुरखेड्याजवळच्या त्या गावात धानाच्या रोवणीला बायांची ओळ तीच लावायची. कुणी कुठली पात, म्हणजे रोवायचा पट्टा, धरायची, हा तिचा शब्द.

झिंगूला पहिलीतूनच शाळेनं घरी पाठवलं होतं. पंधराव्या वर्षीही तिला मोजता येत नव्हतं. पोटुशी असताना कलाबाई ग्रहणात हिंडली, असं गाव म्हणे. पुजाऱ्यानं दोन कोंबडे घेतले, फरक पडला नाही. कलाबाईची धास्ती वेगळीच होती. ओळीत जिला जागा, तिला प्रत्येक बांधीवर, धानाच्या प्रत्येक वावरात, बोलावणं. आपल्यामागे झिंगूला कोण बोलावणार?

सन छप्पनच्या आषाढात ती लेकीला घेऊन बांधीवर आली.

"सुगंधाबाई, हिले माह्या बाजूले पात दे."

"अवं, तीन-तीन काड्या लावा लागते. हिले मोजता येते का?"

"चिमटीत येईन तेवढ्या. घरामागं चिखल करून मयनाभर शिकवलं मी."

"आन् धान नाई आलं तं?"

"तं तुह्या घरचं खाऊ."

बाया हसल्या. झिंगू वाकली. चिमूट अगदी बरोबर. पण मागे सरायचं तिला उमजेना. ओळ मागे गेली, ती एकाच जागी रोपं खोवत राहिली. सुगंधाबाई तोंड उघडणार, तोच कलाबाईनं गाणं उचललं. गाण्याच्या प्रत्येक ओळीला शेवटी 'हो' येई आणि त्या 'हो'वर बाया एक पाऊल मागे टाकत. लहानपणापासून बांधावर बसून झिंगूनं ते ऐकलं होतं. ती सरली. गाणं थांबलं की तीही थांबे.

"हिच्यापायी चुगल्या कराले फुरसत नाई!" कुणीतरी ओरडलं. पण गाणं सुरूच राहिलं.

संध्याकाळी सुगंधाबाईनं बांधावरून पाहिलं. सगळ्यात सरळ पात झिंगूची होती.

"उद्या बी आन तिले," ती एवढंच म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्यात कलाबाईला ताप आला. चार दिवसांत ती गेली. चौकटीवरची बोटं ऐकू येत नाहीत, हे सुगंधाबाईला कितीतरी दिवस खरंच वाटेना.

रोवणीच्या पहिल्या सकाळी ती शेजारच्या दारात उभी राहिली. झिंगू बापाजवळ बसली होती. सुगंधाबाईनं चौकटीवर दोनदा बोटं वाजवली.

"झिंगू, चाल."

झिंगू उठली. "गाणं?"

"आमी म्हनू."

झिंगूनं खुंटीवरून छत्र काढलं. पावसात पाठीवर घ्यायचं, बांबूच्या कामट्यांचं. आईनं तिच्यासाठी विणायला घेतलेलं. पळसाची पानं खांद्यापर्यंतच लावून झाली होती. खाली नुसत्या कामट्या.